गुणांच्या दाराने आत

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्या ग्रामदैवताच्या मंदिरावर कलश चढला. हा सोहळा डोळ्यांनी पाहण्याचे भाग्य आपल्याला लाभले, याबद्दल प्रथम देवाला नमस्कार करतो आणि नंतर ज्यांनी ज्यांनी पैशाने, धान्याने, अंगमेहनतीने हातभार लावला त्या सर्वांना नमस्कार करतो. समितीने मला ‘दोन शब्द बोला’ अशी आज्ञा केली. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. मास्तराला दोन शब्द सांगितले की तो दोनशे बोलतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही मला उभे केलेत, तेव्हा ही चूक समितीची, माझी नव्हे.

जुने देऊळ उतरवण्याचे काम चालू होते त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी येथे येऊन बसत असे. उतरवलेल्या दगडांचा ढीग पडलेला असे आणि एक वयस्कर पाथरवट त्या ढिगापाशी बसून एकेक दगड उलटापालटा करून पाहत. हातोडीने हळूच ठोकत, कान देऊन आवाज ऐकत आणि मग तो दगड या ढिगात नाही तर त्या ढिगात टाकत. एकदा मी त्यांना विचारले, “बाबा, एवढे निरखून काय पाहता? दगडातली खोट शोधता होय?” ते हसले आणि म्हणाले, “गुरुजी, खोट शोधायला कशाला बसावं लागतंय? ती वरच दिसती. मी चांगली बाजू शोधतोय. परतेक दगडाला एक तरी बाजू चांगली असती. ती तोंडाला घ्यायची, बाकीच्या आत जात्यात.” मी म्हणालो, “आणि एखाद्याचा आवाजच फुटका आला तर?” ते म्हणाले, “तो पायाच्या भरावाला. टाकून न्हाय द्यायचा.”

मित्रहो, मी चौतीस वर्षे मुलांना शिकवले. परंतु त्या दिवशी त्या पाथरवटाने मला जे शिकवले ते मी वर्गात कधी इतक्या थोडक्यात सांगू शकलो नव्हतो. आज आपण ज्या भिंती पाहतो आहोत त्यांत जुन्या देवळाचे कितीतरी दगड आहेत. त्यांतला एकही दगड सहा बाजूंनी निर्दोष नाही. पण बसवणाऱ्याने ज्याची जी बाजू चांगली ती पुढे घेतली, म्हणून भिंत उभी राहिली. दगडादगडांतल्या खोटी मोजत बसलो असतो, तर आज येथे देऊळ नसते, नुसता ढीग असता. गावाचेही असेच आहे, असे मला वाटते. माणसांचा ढीग आणि माणसांचे गाव यांत फरक एवढाच, की गावात कोणीतरी एकमेकांची चांगली बाजू पुढे घेतलेली असते.

आता आपल्या मनातली गोष्ट बोलतो. रागावू नका.

आपल्या या भागाला धरणाने पुष्कळ दिले आणि पुष्कळ घेतलेही. घोड नदीवरचे आपले डिंभे धरण हे कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी एक. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही त्याची चार भावंडे. २००० सालच्या सुमारास आपले धरण पुरे झाले. त्याच्या कालव्यांनी खालच्या अंगाची हजारो एकर शेते हिरवी झाली. पण ज्या गावावरून आपल्या तालुक्याला नाव मिळाले, ते आंबेगावच पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावाच्या खुणा उघड्या पडतात आणि म्हातारी माणसे काठावर उभी राहून “तिथं आमचा उंबरा होता” असे बोटाने दाखवतात. पाण्याखाली घरे गेली, देवळे गेली, शेते गेली. पण एक वस्तू मात्र पाण्यात बुडाली नाही. ती म्हणजे आपल्या मनातली अढी. मोबदला कोणाला किती मिळाला, कोणाच्या नावावर पर्यायी जमीन चढली, कोण राहिला, कोण उठून गेला, कोणी कोणाच्या कागदावर सही केली, यावरून भावाभावांत, घराघरांत जे अबोले पडले त्यांतले कित्येक आजही तसेच आहेत. देवळाची वर्गणी गोळा करताना आमच्यातल्याच एकाने “अमक्या घरचा पैसा घेऊ नका” असे म्हटल्याचे मी या कानांनी ऐकले. समितीने तो सल्ला मानला नाही, याबद्दल समितीचे मी जाहीर अभिनंदन करतो. परंतु शब्द निघाला होता, हे खरे.

म्हणून आज मी ‘दुसऱ्याच्या ठायी असलेला चांगुलपणा पाहणे’ हा विषय घेतला आहे. हा विषय कीर्तनात शोभतो, व्यवहारात चालत नाही, असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. आपल्या महाराष्ट्रात आणि आपल्या तालुक्यातही तो व्यवहारात चाललेला आहे. त्याचे चार दाखले सांगतो.

पहिला दाखला धुळ्याच्या तुरुंगातला. १९३२ साली स्वातंत्र्याच्या चळवळीत पुष्कळ सत्याग्रही तेथे कैदेत होते. विनोबा भावे तेथे दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले, जे आज देशातल्या कितीतरी भाषांत वाचले जाते. ज्ञानाचे एवढे मोठे काम तुरुंगाच्या भिंतीआड झाले, ही गोष्टच विचार करायला लावणारी आहे. हे विनोबा पुढे आयुष्यभर एक साधा दाखला देत असत. त्याचा आशय असा, की प्रत्येक माणूस म्हणजे एक घर आहे. घराला भिंती असतात तसे दारही असते. दोष म्हणजे भिंती, गुण म्हणजे दार. ज्याला घरात जायचे आहे त्याने दाराने जावे. भिंतीवर डोके आपटले तर भिंत पडत नाही, आपलेच डोके फुटते. गरिबातल्या गरीब झोपडीलाही एक दार असतेच, तसा वाईटातल्या वाईट माणसालाही एखादा गुण असतोच. तो सापडेपर्यंत घराभोवती फिरावे.

हे विनोबा नुसते बोलले नाहीत. १८ एप्रिल १९५१ रोजी ते तेलंगणातल्या पोचमपल्ली या गावी होते. त्या मुलखात तेव्हा जमिनीवरून रक्त सांडत होते. गावातल्या हरिजन कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी सभेतच विचारले, की गावातला कोणी देऊ शकेल काय? रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार उठले आणि त्यांनी शंभर एकर देऊ केली. भूदानाची सुरुवात अशी झाली. जमीनदार म्हणजे दगडाच्या काळजाचा, असे सारे धरून चालले होते, त्यामुळे त्याला असे समोरासमोर कोणी विचारलेच नसावे. भूदानात मिळालेली काही जमीन खडकाळ निघाली, काही वाटलीच गेली नाही, हेही खरे आहे आणि ते लपवू नये. परंतु लाखो एकर जमीन नुसत्या मागण्याने मिळाली, हेही तितकेच खरे आहे.

पुढे १९६० च्या मे महिन्यात हेच विनोबा चंबळच्या खोऱ्यात पायी गेले. तेथल्या दरोडेखोरांच्या नावाने मुले रडायची थांबत. विनोबांबरोबर बंदूक नव्हती. वीसएक दरोडेखोरांनी आपली हत्यारे त्यांच्यापुढे आणून ठेवली. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या लोकांवर पुढे खटले चालले. विनोबांनी त्यांना ‘तुम्ही काही केलेच नाही’ असे सांगितले नाही. ‘केले ते कबूल करा, भोगायचे ते भोगा, पण तुम्ही माणसे आहात’ असाच त्या साऱ्याचा अर्थ होता. चांगुलपणा पाहणे म्हणजे वाईटावर पांघरूण घालणे नव्हे, हा धडा मला येथे दिसतो.

दुसरा दाखला सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळचा. पूर्वी तो मुलूख औंध संस्थानात होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे मोठे विचारी गृहस्थ. त्यांच्या संस्थानात मूळचे पोलंड देशातले मॉरिस फ्रीडमन नावाचे इंजिनिअर होते. ते हिंदुस्थानात येऊन इथलेच होऊन गेले आणि भारतानंद या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यांच्या सूचनेवरून १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ एक वसाहत उभी राहिली. तिचे नाव स्वतंत्रपूर. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेले कैदी तेथे आणून ठेवले. उंच तट नाही, पायात बेड्या नाहीत. बायकामुलांसह राहायचे, शेती पिकवायची, बाजारात जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. राजेसाहेबांना लोकांनी वेड्यात काढले असेल. परंतु वसाहत चालली. संस्थान गेले, इंग्रज गेले, तरी स्वतंत्रपूर राहिले.

आपल्यातल्या वडील मंडळींनी व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट पाहिला असेल. १९५७ साली तो निघाला आणि परदेशातही गाजला. सहा खुनी कैद्यांना घेऊन माळरान पिकवणाऱ्या जेलरची ती गोष्ट. तिचे मूळ या स्वतंत्रपुरात आहे आणि ती कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी. तेही त्याच आटपाडीच्या मातीतले. आपण बोलपट पाहून डोळे पुसले आणि घरी आलो. घरी आल्यावर शेजाऱ्याची शेळी परड्यात शिरली, म्हणून पुन्हा तेच भांडण सुरू केले! खुनी माणसावर विश्वास टाकणारे लोक आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेले आणि आपण मात्र ज्याने आपला फक्त बांध कोरला त्याच्याकडे तोंड फिरवून जातो. हिशेब करून पाहा.

तिसरा दाखला आपल्या तालुक्यातला. आपल्या जलाशयाला ज्यांचे नाव दिले आहे ते हुतात्मा बाबू गेनू म्हाळुंगे पडवळचे. गरिबाघरचे पोर, मुंबईला गिरणीत कामाला गेलेले. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाने भरलेली मालमोटार अडवण्यासाठी ते रस्त्यात आडवे झाले आणि तिच्याखाली त्यांचा प्राण गेला. वय अवघे बावीस. ही गोष्ट आपल्या पोराटोरांना पाठ आहे. पण त्या हकिगतीतला एक तपशील आपण पुढे नेत नाही. मोटारीच्या चाकावर बसलेल्या देशी चालकाने त्या तरुणाच्या अंगावरून गाडी घालायला नकार दिला आणि मग गोऱ्या अंमलदाराने चाक हातात घेतले, असे सांगतात. मला त्या चालकाविषयी नेहमी विचार येतो. तो हुतात्मा नव्हता. पोटासाठी परदेशी कापड वाहत होता. चळवळीच्या लोकांनी त्याला कदाचित शिव्याही दिल्या असतील. परंतु वेळ आली तेव्हा त्याचा हात पुढे गेला नाही. ज्याच्या अंगात आपल्याला गद्दार दिसतो त्याच्याच अंगात असा नकार दडलेला असू शकतो. त्याचा पुतळा कोठे नाही. म्हणून आज या मंदिराच्या अंगणात मी त्याची आठवण काढली.

चौथा दाखला मात्र माझ्या स्वतःच्या घरचा आहे आणि तो सांगताना मला थोडी लाज वाटते.

धरणाच्या दिवसांतच आमच्या शेताच्या बांधावरून शेजारच्या शेतकऱ्याशी आमचा तंटा लागला. माझे म्हणणे, त्याने बांध कोरून आमच्याकडे सरकवला. त्याचे म्हणणे, मी मास्तर असल्याने कागदपत्रांत हुशारी केली. बोलणे बंद झाले. एकोणीस वर्षे! त्याच्या घरी लग्न झाले, आम्ही गेलो नाही. आमच्या घरी दुःख झाले, तो आला नाही. मी शाळेत मुलांना ‘सर्वांशी प्रेमाने वागावे’ असे फळ्यावर लिहीत होतो आणि घरी येताना त्याच्या दारावरून जावे लागू नये म्हणून लांबच्या वाटेने येत होतो. त्याच्याबद्दल माझ्या मनात एकच शब्द होता, ‘भांडखोर’. तो शब्द मी मुलांना, सुनांना, पाहुण्यांना, सगळ्यांना वाटला.

मग ३० जुलै २०१४ हा दिवस उजाडला. त्या दिवशीचा पाऊस आपल्यापैकी कोणी विसरला नसेल. सकाळी माळीण गावावर डोंगर खचून आला. एसटीचा चालक नेहमीच्या वाटेने गेला तेव्हा गाव जागेवर नाही असे त्याला दिसले आणि त्याने खबर दिली, म्हणून जगाला कळले. दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. आपल्या सोयऱ्याधायऱ्यांची माणसे. आपण सारे सुन्न होऊन बसलो होतो.

त्या संध्याकाळी माझ्या दाराची कडी वाजली. दार उघडले तर दारात तो उभा. अंगावर पोत्याची खोळ, नखशिखान्त भिजलेला. एकोणीस वर्षांनी पहिले वाक्य काय बोलला ठाऊक आहे? “मास्तर, घरात पीठ किती हाये? भाकरी पायजेत. उकरायला गेलेली मान्सं उपाशी हायेत.” बांधाचे नाव नाही, मागचे पुढचे काही नाही. माझी पत्नी आतून ऐकत होती. तिने मला विचारलेसुद्धा नाही. चूल पेटवली आणि परात पुढे ओढली. तो माझ्या दारातून निघाला आणि पुढच्या दाराकडे गेला. घरोघर हिंडून त्याने त्या रात्री भाकरी, पिठले, ठेचा, फडक्यांत बांधून गाठोडी गोळा केली. पहाटे गाडी काढली. वाटेत सगळा चिखल होता. आम्हाला शेवटपर्यंत जाऊ दिले नाही, तेव्हा गाठोडी पुढच्या माणसांच्या हाती दिली आणि परत आलो. जाताना-येताना आम्ही दोघे शेजारी बसलो होतो. बोलण्यासारखे काही नव्हते. त्या चिखलातून एक आई आणि तिचे तीन महिन्यांचे तान्हे बाळ जिवंत निघाले, ही बातमी आम्हाला कळली, तेव्हा तो माझा हात धरून लहान मुलासारखा रडला.

मंडळी, मी त्या रात्री झोपलो नाही. मी विचार करीत होतो, की हा चांगुलपणा त्याच्यात काल रात्री आला काय? नाही. तो एकोणीस वर्षे तेथेच होता. त्याच्या घरी आजारी माणसाला दवाखान्यात नेणारा तोच होता. लावणीच्या वेळी विधवा बाईचे शेत सावडीने लावून देणारा तोच होता. गावाला ते दिसत होते. मी तेवढा भिंतीकडे तोंड करून उभा होतो, म्हणून मला दार दिसले नाही. माळीणवर डोंगर यावा लागला, तेव्हा माझे तोंड वळले. याची मला आजही लाज वाटते.

आता पुढचे ऐका, कारण येथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. बांधाचा प्रश्न त्या रात्री सुटला नाही. बांध जेथे होता तेथेच होता. पुढे आम्ही दोघांनी मिळून रीतसर मोजणीचा अर्ज केला. मोजणीत काय निघाले? वरच्या अंगाला त्याने आमच्यात दीड हात पाऊल टाकले होते आणि खालच्या अंगाला माझ्या वडिलांच्या वेळेपासून आम्ही त्याच्यात एक हात होतो! दोघेही खरे आणि दोघेही खोटे. खुणा रोवल्या आणि चहा घेतला. मन स्वच्छ असले की मोजणी सोपी होते. मन कलुषित असले की सरकारी मोजणीलाही माणूस खोटी म्हणतो. चांगुलपणा पाहिला म्हणून हिशेब सोडून द्यायचा नाही. उलट हिशेब नीट व्हावा म्हणूनच चांगुलपणा पाहायचा.

समितीने या जीर्णोद्धाराचा पै-पैचा हिशेब फलकावर लावला आहे, तो याच भावनेने पाहावा. हिशेब मागणारा शत्रू नसतो आणि हिशेब दाखवणारा चोर नसतो. विश्वास हे शेत आहे, हिशेब हे त्याचे कुंपण आहे. कुंपणावाचून शेत राखत नाही आणि नुसत्या कुंपणाला कणीस लागत नाही.

कोणी विचारील, गुरुजी, हे रोजच्या जगण्यात कसे आणायचे? मी माझ्यापुरते तीन नियम केले आहेत, ते सांगतो. पटले तर घ्या.

पहिला नियम असा, की माणसाचा दोष सांगायचा असेल तर तो त्याच्या तोंडावर सांगावा आणि गुण सांगायचा असेल तर त्याच्या पाठीमागे सांगावा. आपण नेमके उलट करतो. तोंडावर “वा पाटील, वा!” आणि पारावर त्याच पाटलाचे वाभाडे. हा एक नियम पाळला तर आपल्या पारावरचे निम्मे बोलणे बंद पडेल, याची मला कल्पना आहे. पण उरलेले निम्मे ऐकण्यासारखे होईल.

दुसरा नियम, की एका गोष्टीवरून माणसाला नाव ठेवू नये. ‘चुकला’ म्हणावे, ‘चुकार’ म्हणू नये. ‘खोटे बोलला’ म्हणावे, ‘खोटारडा’ म्हणू नये. शाळेत मी हे नीट पाळले नाही. ज्या मुलाला मी ‘ढ’ म्हणालो तो मुलगा आज उत्तम गवंडी आहे आणि आपल्या देवळाची ओसरी त्याच्या हातची आहे. ओळंबा लावून पाहा, सुताभराचा फरक सापडणार नाही. मी त्याच्या पाढ्यांकडे पाहत राहिलो, हातांकडे पाहिले नाही.

तिसरा नियम, की मागून पाहावे. विनोबांनी पोचमपल्लीत मागितले तसे. आपण पुष्कळदा “तो कशाला देईल?” असे म्हणून विचारीतच नाही आणि न विचारताच त्याला कंजूष ठरवतो. या जीर्णोद्धारात आमचा अनुभव असा, की ज्यांच्याकडून आशा नव्हती अशा घरांतून पायल्यांनी तांदूळ आला. हिरडा विकून आलेल्या पैशातून डोंगरावरच्या वाड्यांतल्या मायमाउल्यांनी पदराच्या गाठी सोडल्या. ज्यांची शेते धरणात गेली आणि जे आज त्याच पाण्यात जाळी टाकून पोट भरतात, त्यांनीही आपला वाटा आणून दिला. पाण्याने त्यांचे सर्वस्व घेतले, तरी पाण्याचा राग त्यांनी देवावर काढला नाही आणि आपल्यावरही काढला नाही. हे पाहायला डोळे हवेत.

ज्ञानेश्वर माउलींनी आपल्या ग्रंथाच्या शेवटी देवापाशी जे मागणे मागितले ते आपण रोज म्हणतो. त्यांना आणि त्यांच्या भावंडांना जगाने काय कमी छळले? पण त्यांनी दुष्ट माणसांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनाचा वाकडेपणा तेवढा जावा, असे मागितले. म्हणजे माउलींना दुष्टाच्या आतही सरळ होऊ शकणारा माणूस दिसत होता. आणि साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. त्याआधी ते महाराष्ट्रभर गावोगाव हिंडले आणि कितीतरी गावांनी आपली देवळे, आपल्या विहिरी खुल्या केल्या. ‘हे लोक कधी सुधारायचे नाहीत’ असे गुरुजी मानत असते तर ते हिंडलेच नसते. देवळाचा खरा जीर्णोद्धार दाराने होतो, शिखराने नव्हे. आपल्या या मंदिराचे दार सर्वांना उघडे आहे, ते तसेच राहो. आणि आपल्या मनाचेही राहो.

आता शेवटची एक विनंती करून मी आपली रजा घेतो. थोड्या वेळाने महाप्रसादाची पंगत बसेल. पंगतीत आपण नेहमी आपल्या माणसाशेजारी बसतो. आज तसे करू नका. ज्याच्याशी आपले बोलणे नाही, ज्याचे नाव निघाले की कपाळाला आठी पडते, अशा एकाच्या शेजारचे पान निवडा. लगेच काही बोलायला हवे असे नाही. “भात घ्या,” एवढे म्हटले तरी आज पुरे. कदाचित तोही एकोणीस वर्षे या दोन शब्दांची वाट पाहत असेल.

मी कोणाशेजारी बसणार, हे आपल्याला कळलेच असेल. ते गृहस्थ आज येथेच बसले आहेत. “माझं नाव घेतलंत तर बांध पुन्हा सरकवीन,” अशी त्यांनी मला सकाळीच ताकीद दिली आहे. म्हणून नाव घेत नाही!

 ग्रामदेवतेची कृपा आपणा सर्वांवर अखंड राहो.

रामकृष्ण हरी! जय हिंद! जय महाराष्ट्र!